लाल म्हणजे काय रे भाऊ?

ऑफिसात सगळ्यात जास्त वाद कशावरून होतात? पगारावरून? रजेवरून? एसीच्या टेंपरेचरवरून? छे! माझा अनुभव विचाराल तर रंगांवरून. ‘हा निळा जरा जास्तच निळा नाही वाटत?’ हे वाक्य ज्याने मीटिंगमध्ये ऐकलेलं नाही, त्याने कॉर्पोरेट जग पाहिलंय असं मी मानायलाच तयार नाही. वर्षभराच्या आकड्यांवर नजर टाकायला पाच मिनिटं आणि तो बार लाल ठेवायचा की नारिंगी यावर पाऊण तास! लोक वैतागतात, चहा मागवतात, मोबाइल काढून बसतात. मी मात्र त्या पाऊण तासात एकदम फॉर्मात असते. का, ते सांगते.

मी डेटा ॲनालिस्ट आहे. म्हणजे काय, हे आमच्या शेजारच्या काकूंना मी एका वाक्यात सांगितलं होतं, ‘आकड्यांची चित्रं काढते.’ त्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की एवढं शिकून शेवटी ड्रॉइंगच का! ऑफिस ऐरोलीला आणि घर मोहोपाड्याला. मोहोपाडा कुठे? जुन्या मुंबई-पुणे हायवेवर दांड फाट्याला रसायनीच्या दिशेने वळायचं. पाताळगंगा एमआयडीसीच्या चिमण्या दिसायला लागल्या की आलंच समजा. आठवड्यातले तीन दिवस प्रवास, दोन दिवस घरून काम.

आणि माझं रोजचं हत्यार म्हणजे ‘आर’. हो, एवढंच नाव, एकच अक्षर. संख्याशास्त्रासाठी बनवलेली ही प्रोग्रामिंगची भाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकात सुरू केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर आणि आधीच्या एका भाषेचं नाव ‘एस’, त्यावरून हे बारसं. १.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा! फुकट मिळते, जगभर वापरली जाते आणि चार्ट तर असे काढते की बघत राहावं. फक्त एक आहे. रंग तिला तुम्ही सांगावे लागतात. नाही सांगितले तर ती तिच्या मनाने घेते.

नाव काय ठेवायचं?

मागच्या वर्षी आमच्या कंपनीने नवा लोगो आणला. त्याबरोबर आलं ते ब्रँड बुक. पन्नास पानं, गुळगुळीत, आणि त्यात रंगांची कुंडली. बॉसने मला बोलावून सांगितलं, ‘हे सगळे रंग आरमध्ये रजिस्टर करून टाक. यापुढे टीममधल्या प्रत्येकाचा चार्ट एकसारखा दिसला पाहिजे.’

रजिस्टर करायचे म्हणजे काय? घाबरू नका, सोपं आहे. कॉम्प्युटरला ‘लाल’ कळत नाही. त्याला कळतात तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येकी ० ते २५५. त्यातून होतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग. प्रत्येक रंगाचा एक कोड असतो, आधी हॅशचं चिन्ह आणि पुढे सहा अक्षरं-आकडे. आता हे कोड कोण पाठ करणार? म्हणून कोडला नाव द्यायचं. नाव आणि कोड अशा जोड्यांची एक यादी करायची, ती यादी वापरणारं एक छोटं फंक्शन लिहायचं, सोबत फॉन्ट, मागची पाटी, रेघांची जाडी या सगळ्याची एक ‘थीम’ बांधायची आणि हा सगळा ऐवज एका पॅकेजमध्ये गुंडाळून टीमला द्यायचा. मग प्रत्येकाने वर एक ओळ लिहायची, की झालं. पुढचे सगळे चार्ट आपोआप त्या वेषात. शाळेच्या युनिफॉर्मसारखं.

आरकडे स्वतःची नावं नाहीत असं नाही. चांगली ६५७ आहेत! त्यातली दोनशेहून जास्त नुसती राखाडीची, ती सोडून द्या. पण बाकीची बघा: टोमॅटो, सॅल्मन, पीचपफ, पपायाव्हिप. सगळं खाण्याचं. आणि तरी त्यात श्रीखंडी नाही, आमसुली नाही, अबोली नाही, मोरपंखी नाही. माझ्या आईला पीचपफ दाखवला तर ती एका सेकंदात म्हणेल, ‘हा तर आपल्या सुमाताईच्या साखरपुड्याच्या साडीचा रंग.’ प्रत्येक घराची आपली एक नोंदवही असते, एवढंच.

गंमत म्हणजे रंगांची नोंदणी हा प्रकार आमच्या भागाला नवा नाहीच. रसायनी हे नावच मुळी रसायनांवरून. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. रंग, औषधं, रबर अशा उद्योगांना लागणारी मूळ रसायनं देशातच तयार व्हावीत, हा तिचा उद्देश. रसायनीच्या कारखान्यात होणारं ॲनिलीन हे त्यातलंच एक. याच ॲनिलीनपासून मलेरियावरचं क्विनाइन करायला गेलेल्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती १८५६ मध्ये लंडनमध्ये चुकून जांभळा रंग लागला आणि कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. रंग इतके झाले, की त्यांना नावं पुरेनात. म्हणून रंगारी मंडळींनी ‘कलर इंडेक्स’ नावाचं रजिस्टर केलं. त्याला शंभर वर्षं झाली. त्यात आपली नीळ कशी नोंदवलेली आहे? ‘व्हॅट ब्लू १’, नंबर ७३०००. नाव आणि कोड. सेम टू सेम! आमच्या इथला तो कारखाना मात्र राहिला नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारने इथले न परवडणारे प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. इस्रोच्या रॉकेटला लागणारं एक रसायन बनवणारा प्लांट तेवढा त्यातून वगळला.

कर्जत गायब, खालापूर लाल

आता तुम्ही म्हणाल, नावाचं एवढं काय कौतुक? नुसती कोडची यादी दिली तर नाही का चालणार?

चालतं. पण कसं, ते बघा. समजा तुम्ही चार तालुक्यांच्या विक्रीचा चार्ट करताय: कर्जत, खालापूर, पनवेल, पेण. रंग दिले चार, लाल, निळा, हिरवा, पिवळा, पण कुणाचा कुठला ते सांगितलं नाही. आरमधलं चार्ट काढणारं लोकप्रिय पॅकेज ‘जीजीप्लॉट-टू’ काय करतं? बाराखडी लावतं. पहिला कर्जत, त्याला पहिला रंग, लाल. दुसरा खालापूर, त्याला निळा. पुढच्या महिन्यात कर्जतचे आकडे आलेच नाहीत. मग पहिला कोण? खालापूर. तो झाला लाल! पनवेल निळं, पेण हिरवं. दोन महिन्यांचे चार्ट शेजारी ठेवणाऱ्याला वाटेल, खालापूरचं काहीतरी जबरदस्त बदललंय. प्रत्यक्षात बदललं काहीच नाही. फक्त खुर्च्या सरकल्या.

नावासकट यादी दिली, की हा संगीतखुर्चीचा खेळ बंद. कर्जत असो वा नसो, खालापूर निळाच राहणार.

म्हणून रजिस्टर करणं म्हणजे सजावट नव्हे. तो शब्द देणं आहे. ‘हा रंग म्हणजे हे, आज, उद्या आणि पुढच्या महिन्यातही,’ असं आपण बघणाऱ्याला वचन देतो. हे मला कळत होतं. पण बघणारा कोण आहे, हा प्रश्न ब्रँड बुकच्या पन्नास पानांत कुठेच नव्हता. तो माझ्यापर्यंत आला तो आमच्या घरातून. त्यासाठी थोडं मागे, २०२० मध्ये जावं लागेल.

ठिपक्यांचं पुस्तक

लॉकडाऊनमधला मे महिना. मी मोहोपाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटलेलं. स्क्रीनवर टीमच्या जुन्या टेम्प्लेटमधला एक चार्ट. दोन रेघा. हिरवी म्हणजे टार्गेट, लाल म्हणजे प्रत्यक्ष. बाबा चहा घेऊन आले, कप ठेवला आणि चष्मा वर करून बघत राहिले.

‘दोन्ही रेघा एकाच वस्तूच्या आहेत ना?’

‘नाही हो बाबा. ही टार्गेटची, ही खरी. टार्गेट हिरवं, खरी लाल.’

‘हं,’ बाबा म्हणाले. आणि जायला निघाले. मग दारातून परत फिरले. ‘मला दोन्ही सारख्याच दिसतात. मातकट.’

बाबांना रंगातलं कळत नाही, हा आमच्या घरातला जुना जोक. आई तर लग्नातल्या शालूपासून सुरू करते, ‘हिरवा की लाल, आजतागायत सांगता आलेलं नाही यांना!’ आम्ही सगळे हसायचो, बाबाही हसायचे. पुरुषांना रंगातलं कळतच नाही, अशीच आमची समजूत. त्या दिवशी बाबा खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदा पूर्ण गोष्ट सांगितली.

बाबा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेले. प्रॅक्टिकलला टायट्रेशन असायचं. थेंब थेंब सोडायचा आणि रंग बदलला की थांबायचं. फेनॉल्फ्थेलीन असलं की बाबांचं जमून जायचं, कारण तिथे बिनरंगाचं पाणी गुलाबी होतं, काहीतरी फरक तरी दिसतो. मिथिल ऑरेंज आलं की पंचाईत. पिवळ्याचं लालसर कधी झालं ते कळायचंच नाही. मग शेजारचा मित्र हळूच म्हणायचा, ‘आला रे.’ त्या ‘आला रे’वर बाबा पास झाले. पुढे इथल्याच पट्ट्यातल्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी लागत होती. इंटरव्ह्यू झाला, पगार ठरला. मेडिकलमध्ये डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं, पानावरचा आकडा वाचा म्हणाले.

‘मला आकडा दिसेचना. नुसते ठिपके. मी स्टोअरमध्ये गेलो. तिथेच रिटायर झालो.’

तेहेतीस वर्षं! आणि आम्हाला एवढंच माहीत, की बाबा स्टोअरमध्ये आहेत.

‘सांगितलं का नाही?’ मी विचारलं.

‘काय सांगायचं? तुझ्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं असतं तर?’

बारामागे एक

ते ठिपक्यांचं पुस्तक जपानच्या शिनोबू इशिहारा या नेत्रतज्ज्ञाचं, १९१७ मधलं. आजही तेच चालतं. बाबांना आहे त्याला आपण सरसकट ‘कलर ब्लाइंड’ म्हणतो, पण त्यांना जग काळं-पांढरं दिसत नाही. निळा छान दिसतो, पिवळा दिसतो. फक्त लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण साधारण बारामागे एक. आशियात ते थोडं कमी, पण दुर्लक्ष करावं इतकंही नाही. बायकांमध्ये मात्र फारच कमी. तुमच्या ऑफिसच्या मजल्यावर डोकी मोजा आणि गणित मांडा. तो जो कुणी आहे तो गप्प बसून असतो, कारण त्याला वाटतं, आपल्यालाच चार्ट कळत नाही.

रसायनशास्त्राला अणूची कल्पना देणारा जॉन डाल्टन याच पंथातला. त्याने १७९४ मध्ये स्वतःच्या नजरेबद्दल निबंध वाचला आणि आपले डोळे मेल्यावर तपासा असं सांगून ठेवलं. डोळे जपले गेले. १९९५ मध्ये त्यांच्यातल्या डीएनएवरून नक्की निदान झालं! बाबांना हे सांगितलं तेव्हा ते खूश. ‘म्हणजे केमिस्ट्रीत मोठं नाव काढता येतं तर,’ म्हणाले. विनोद करून झाला, मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

तर अशी पार्श्वभूमी असताना, रंग रजिस्टर करायचं काम माझ्याकडे आलं. ब्रँड बुकात ‘चांगलं’ म्हणजे एक पोपटी हिरवा आणि ‘वाईट’ म्हणजे एक विटकरी लाल. मी आधी परीक्षा घेतली. आरमध्ये ‘कलरस्पेस’ नावाचं पॅकेज आहे. (भाषेचा जनक इहाका याच्या लेखकांपैकी एक आहे, बरं का. ज्याने आकड्यांची भाषा केली त्यालाही पुढे रंगांनी छळलंच!) त्यात अशी फंक्शन्स आहेत, की तुमचे रंग लाल-हिरवा न दिसणाऱ्याला कसे दिसतील ते स्क्रीनवर येतं. मी बटण दाबलं. पोपटी गेला, विटकरी गेला. उरले दोन मातकट पट्टे.

बाबांचा शब्द होता तो. मातकट.

दुसरी परीक्षा त्याहून स्वस्त. मोहोपाड्याच्या नाक्यावर झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि तोच चार्ट ब्लॅक अँड व्हाइट काढून आणला. पाच रुपयांत निकाल! दोन्ही पट्टे एकाच राखाडीचे. म्हणजे फरक फक्त रंगाचा होता, गडद-फिक्याचा नव्हताच. रंग काढून घेतला की चार्टमध्ये काहीच उरत नव्हतं.

मीटिंग

मीटिंगमध्ये मी दोन्ही कागद ठेवले. डिझाइनवाली मुलगी हुशार, तिला पटकन कळलं, पण तिच्या चेहऱ्यावर ‘आता सगळं परत?’ असं स्पष्ट लिहिलेलं. बॉस म्हणाला, ‘अगं, हिरवा चांगला, लाल वाईट, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सिग्नल असाच असतो.’

‘सिग्नलला लाल दिवा वर असतो आणि हिरवा खाली,’ मी म्हटलं. ‘रंग नाही दिसला तरी जागा दिसते. आपल्या चार्टमध्ये जागा कुठे आहे?’

यावर शांतता. मग पाऊण तास नाही, चांगला दीड तास चर्चा. लोगोच्या रंगाला मी हातही लावणार नव्हते, ते ब्रँडचं साम्राज्य. मला हवे होते फक्त अर्थ सांगणारे रंग. माझ्या हातात एक तयार उत्तरही होतं. जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन शास्त्रज्ञांनी सगळ्या प्रकारच्या नजरांना वेगळे ओळखता येतील असे आठ रंग निवडून ठेवलेत. २०२० मध्ये आरची ४.० आवृत्ती आली, तेव्हा जुने भडक डीफॉल्ट रंग बदलले आणि हे जपानी रंगही भाषेतच मिळायला लागले. त्या आठांत लालच्या जागी काय आहे, माहितीये? शेंदरी! मारुतीचा शेंदूर. आणि त्याच्या जोडीला निळा. शेंदरी-निळ्याची जोडी बाबांनाही दिसते आणि, एक जरा गडद घेतला की, झेरॉक्सवाल्यालाही.

शेवटी ठरलं ते असं. रंगांची नावं रंगांवरून ठेवायचीच नाहीत, कामावरून ठेवायची. यादीत ‘लाल’ नाही, ‘लक्ष द्या’ आहे. ‘हिरवा’ नाही, ‘ठीक’ आहे. ‘टार्गेट’ आहे, ‘मागचं वर्ष’ आहे. त्यामागचा कोड उद्या बदलला तरी नाव तेच. शिवाय रेघ असेल तर एक सलग, एक तुटक. आणि शक्य तिथे रेघेच्या टोकालाच नाव लिहायचं, कोपऱ्यातल्या रंगाच्या चौकोनात शोधायला लावायचं नाही.

आमच्याकडे एक सीनियर आहेत. मी जॉइन झाले तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टवर त्यांचं एकच उत्तर यायचं, ‘चार्ट नको, एक्सेल पाठव.’ जुन्या वळणाचे म्हणून आम्ही सोडून द्यायचो. नवं पॅकेज सुरू झालं त्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी एक्सेल मागितलं नाही. तिसऱ्या महिन्यातही नाही. मी काही विचारलं नाही, तेही काही बोलले नाहीत.

कोरी जागा

यादीत मी आणखी एक नाव घातलं, ते कुणीच मागितलं नव्हतं. ‘माहिती नाही.’

चार्ट किंवा नकाशा काढताना एखाद्या जागेचा आकडाच नसेल, तर जीजीप्लॉट-टू तिथे मध्यम राखाडी भरतं. बरेच जण ती राखाडी दिसायला वाईट म्हणून पांढरी करून टाकतात. आणि आमच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये सगळ्यात कमी आकडाही जवळजवळ पांढराच. म्हणजे ‘इथे काही नाही’ आणि ‘इथलं आम्हाला काही माहीत नाही’, दोन्हींचा रंग एक!

हे एवढं मनावर का घेतलं, ते आमच्या तालुक्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकरांची वाडी. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. नंतर सरकारनेच सांगितलं, की धोकादायक गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. यादीत नाव नव्हतं, म्हणून धोका नव्हता असं नाही. पण नकाशावर कोरी जागा बघितली की आपण सगळे तसंच वाचतो.

तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या घरात हवामान खात्याच्या इशाऱ्याला देवघरातल्या पंचांगाएवढा मान आहे. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. नकाशा व्हॉट्सॲपवर फिरत फिरत येतो तेव्हा खालचे शब्द बहुतेक कापले गेलेले असतात, उरतात नुसते रंग. बाबा मला फोन करतात, ‘रायगड कशात आहे गं?’ मी म्हणते, ‘केशरी.’ मग ते आईला सांगतात, ‘तयारीत राहायचं.’ रंगाचं नाव ते घेतच नाहीत. थेट अर्थ. माझ्या पॅकेजची आयडिया कुठून आली, ते कळलं ना आता?

आमच्या यादीतलं ‘माहिती नाही’ राखाडी आहे आणि त्यावर तिरप्या रेघा आहेत. दिसायला अजिबात ग्लॅमरस नाही. डिझाइनवाली अजून नाक मुरडते. मुरडू दे. ती जागा डोळ्याला खुपलीच पाहिजे.

पुढची पिढी

आता एक शेवटची गोष्ट. लाल-हिरव्याचा हा वारसा एक्स क्रोमोझोमवरून येतो. बाबांचा एक्स माझ्या भावाकडे जातच नाही, त्यामुळे तो सुटला. माझ्याकडे मात्र तो आलाच. मला रंग सगळे दिसतात, पण मी तो पुढे नेणारी. माझ्या मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणेफेक.

मुलगा चार वर्षांचा आहे. क्रेयॉनच्या डब्यातून झाडाच्या पानांसाठी तो कुठला खडू उचलतो, हे मी मुद्दाम बघत नाही, असं सगळ्यांना सांगते. बघते. आईपण आहे, काय करणार! पण टेन्शन घेत नाही, कारण बाबांच्या वेळचं जग आता थोडं तरी हललंय. सौम्य आणि मध्यम स्वरूपाचं रंगांधत्व असलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळावं म्हणून २०२० मध्ये केंद्राने नियम बदलले. २०२२ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या एफटीआयआयला सांगितलं, की रंगांधत्व आहे म्हणून कुठल्याही कोर्सचं दार बंद करायचं नाही. सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत! मोहोपाड्यातून प्रयोगशाळेत नाही जाता आलं, तर नातवाला कॅमेऱ्यामागे जाता येईल. बाबांना हा निकाल वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘आधी त्याला टायट्रेशन करू दे.’

तुमच्याही ऑफिसात रंगांची यादी असेल. आरमध्ये असेल, एक्सेलमध्ये असेल, नाहीतर कुणाच्या तरी डेस्कटॉपवर ‘फायनल-फायनल-२’ नावाच्या फाइलमध्ये असेल. ती उघडा. लाल-हिरवा शेजारी असतील तर वेगळे करा. रंगाला कामाचं नाव द्या. रंग काढला तरी अर्थ उरेल, अशी एक तरी खूण ठेवा. आणि ‘माहिती नाही’ला त्याची स्वतःची जागा द्या. एका दुपारचं काम आहे.

आमच्या पॅकेजच्या मदतीच्या पानावर मी अगदी खाली एक सूचना लिहून ठेवली आहे. नव्याने जॉइन होणारे ती वाचून हसतात, पण पाळतात. ‘यादीतला कुठलाही रंग बदलायचा असेल, तर आधी त्याची झेरॉक्स काढून आणा.’